गाथेने गाळलेली कथा : ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चे पुनर्वाचन

१

अद्भुतरम्य कादंबरीविषयी मराठी समीक्षेची भूमिका आरंभापासून काहीशी वडीलधारेपणाची राहिली आहे. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांच्या काळाला कादंबरीचे बालपण मानावयाचे, हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) तिला समज आली असे म्हणावयाचे आणि पुढील विवेचन वास्तववादाच्या अंगाने करावयाचे, हा वाङ्मयेतिहासाचा परिपाठ झाला आहे. या परिपाठात तथ्य नाही असे नाही. परंतु त्यातून एक गृहीतक नकळत रूढ झाले. अद्भुत हे एकदाच वाचण्याचे साहित्य आहे, त्याचे बळ ‘पुढे काय झाले’ या प्रश्नात आहे आणि तो प्रश्न सुटला की वाचकाला त्या पुस्तकाकडे परत जाण्याचे कारण उरत नाही, असे ते गृहीतक होय.

हे गृहीतक तपासावयाचे तर एखाद्या अद्भुत कादंबरीचे पुनर्वाचन करणे हाच सरळ मार्ग आहे. त्यातही एखाद्या दीर्घ मालिकेची आरंभीची कादंबरी निवडली तर कसोटी अधिक कठोर होते. मालिका पूर्ण वाचून झालेल्या वाचकाला नायकाचे भवितव्य ठाऊक असते, त्या जगाचा नकाशा पाठ झालेला असतो आणि पहिल्या खंडातील कोडी पुढील खंडांनी सोडवलेली असतात. असे असूनही पहिली कादंबरी वाचकाला धरून ठेवत असेल, तर तिच्यात कुतूहलापलीकडचे काहीतरी आहे हे मान्य करावे लागते. उर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही १९६८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी या कसोटीसाठी प्रस्तुत लेखात विचारात घेतली आहे.

२

मालिकेची पहिली कादंबरी या संज्ञेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु तो एका सलग कादंबरीचा प्रकाशनाच्या सोयीसाठी वेगळा केलेला भाग आहे. तो प्रवासाच्या मध्येच थांबतो आणि स्वतःपुरता पूर्ण होण्याचा दावाही करीत नाही. ल ग्विन यांच्या कादंबरीची गोष्ट निराळी आहे. १९६४ मध्ये त्यांच्या या द्वीपसमूहात घडणाऱ्या दोन कथा प्रसिद्ध झाल्या होत्या. पुढे कॅलिफोर्नियातील पारनॅसस प्रेस या छोट्या प्रकाशनसंस्थेच्या प्रकाशकांनी किशोरवयीन वाचकांसाठी काही लिहावे असे सुचविले आणि त्यातून ही कादंबरी जन्मली. ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ (१९७१), ‘द फार्देस्ट शोअर’ (१९७२), दीर्घ खंडानंतर आलेली ‘तेहानू’ (१९९०) आणि २००१ मधील ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ व ‘दि अदर विंड’ ही पुस्तके लेखिकेने आधी आखलेल्या योजनेप्रमाणे उतरविलेली नाहीत. प्रत्येक पुस्तक मागील पुस्तकाचा फेरविचार करीत आले आहे. म्हणून या मालिकेत पुनर्वाचन ही केवळ वाचकाची क्रिया नाही. लेखिकेनेही आपली पहिली कादंबरी पुनःपुन्हा वाचली आणि त्या वाचनाचे निष्कर्ष नव्या कादंबऱ्यांच्या रूपाने मांडले.

कथासूत्र थोडक्यात असे. गॉन्ट या डोंगराळ बेटावरील एका खेड्यात कांस्यकाराच्या घरी जन्मलेला, मातृहीन मुलगा अंगच्या जादूसामर्थ्यामुळे मौनी ओगियनचा शिष्य होतो. गुरूच्या संथ शिकवणीने अस्वस्थ होऊन तो रोक बेटावरील विद्यापीठात जातो. तेथे जॅस्पर नावाच्या सहाध्यायाशी स्पर्धा करताना अहंकारापोटी मृताला आवाहन करतो आणि त्या फटीतून एक अनाम छाया जगात शिरते. ती फट मिटविताना वृद्ध महागुरू नेमर्ल प्राण गमावतो. उरलेली कादंबरी म्हणजे त्या छायेपासून पलायन आणि नंतर, ओगियनच्या सल्ल्याने, तिचाच पाठलाग. मुक्त समुद्राच्या टोकाशी दोघे समोरासमोर येतात. नायक तिला नावाने हाक मारतो. तीही त्याच क्षणी त्याला हाक मारते. दोघांच्या मुखातून निघालेले नाव एकच असते.

३

पहिल्या वाचनात हा शेवट धक्का देतो. दुसऱ्या वाचनात ध्यानात येते की या कोड्याचे उत्तर कादंबरीने पहिल्याच परिच्छेदात दिले होते.

अर्थसीच्या जगात प्रत्येक वस्तूला आणि व्यक्तीला एक खरे नाव असते. ते ठाऊक असणे म्हणजे त्या वस्तूवर अधिकार असणे. म्हणून माणसे आपले खरे नाव लपवितात आणि टोपणनावाने वावरतात. नायकाचे टोपणनाव स्पॅरोहॉक, म्हणजे एका शिकारी पक्ष्याचे नाव, आणि खरे नाव गेड. हे खरे नाव आयुष्यात मोजक्याच व्यक्तींना सांगितले जाते. परंतु कादंबरीच्या आरंभी निवेदक सांगतो की हा पुरुष पुढे महागुरू आणि नागांशी बोलणारा झाला आणि त्याचे चरित्र गेडच्या गाथेत गायिले जाते. नाव आणि भवितव्य दोन्ही आरंभीच उघड केलेली आहेत. ज्या नावासाठी नायक पुढे समुद्र पालथा घालणार, ते नाव वाचकाच्या हाती प्रथमपासूनच असते. नावाचे मोल मात्र त्याला तोवर कळलेले नसते.

ही रचना योगायोगाची नाही, हे मधल्या प्रसंगांवरून दिसते. छायेचे नाव हा कादंबरीतील केंद्रवर्ती प्रश्न आहे. नवा महागुरू गेन्शर असे मानतो की अशा दुष्ट शक्तींना नाव नसते. पेन्डोरचा वृद्ध नाग येवॉड ते नाव सांगण्याचे आमिष दाखवितो, तर ऑस्किलच्या गढीत त्या ज्ञानाचे आमिष एका प्राचीन पाषाणाच्या दास्याच्या बदल्यात पुढे केले जाते. गेड दोन्ही नाकारतो. नागाकडून तो स्वतःसाठी नाव मागत नाही, द्वीपवासीयांसाठी अभय मागतो. शेवटी ओगियन निःशंकपणे सांगतो की नाव सर्वच गोष्टींना असते. पहिल्या वाचनात हे प्रसंग साहसकथेचे टप्पे वाटतात. पुनर्वाचनात ते एकाच प्रश्नाला मिळालेली निरनिराळी उत्तरे ठरतात आणि कोणते उत्तर कोणाकडून व कोणत्या किमतीला मिळते आहे याकडे लक्ष जाते.

येथे भारतीय काव्यशास्त्रातील एक भेद उपयोगी पडतो. भरताने अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय असल्याचे सांगितले आहे. औत्सुक्य हा मात्र व्यभिचारी भावांपैकी एक आहे. मराठी समीक्षेने अद्भुतरम्य कादंबरीवर जो आक्षेप घेतला, तो बहुधा औत्सुक्यावर उभ्या राहिलेल्या कादंबरीविषयी आहे आणि तेवढ्यापुरता तो रास्त आहे. औत्सुक्य उत्तर मिळताच शमते. विस्मयाचे तसे नाही, कारण उत्तर ठाऊक झाल्यावरच तो खोल होतो. ल ग्विन यांची कादंबरी पहिल्याच परिच्छेदात औत्सुक्याचा मोठा भाग स्वेच्छेने सोडून देते. नायक तरणार आहे, मोठा होणार आहे, हे सांगून झाल्यावर उरतो तो प्रश्न असा की माणसाने स्वतःचे नाव स्वतःच्या अंधाऱ्या भागाला देणे म्हणजे नेमके काय. हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही सुटत नाही.

या छायेला युंगच्या मानसशास्त्रातील संकल्पनेचे चित्र मानण्याची प्रथा आहे. कादंबरी लिहिली तेव्हा आपण युंग वाचलेला नव्हता, असे ल ग्विन यांनी नंतर सांगितले आहे. तो खुलासा बाजूला ठेवला तरी केवळ रूपकात्मक वाचन पुनर्वाचनाला पुरे पडत नाही. छाया ही दुष्टतेचे प्रतीक आहे असे मानल्यास शेवटी तिचा पराभव व्हावयास हवा होता. तसे होत नाही. जय-पराजयाची भाषाच निवेदक नाकारतो. गेड आपल्या मृत्यूच्या छायेला आपले नाव देतो आणि त्यामुळे अखंड होतो. दोन बाजूंच्या युद्धावर उभारलेल्या अद्भुत कादंबऱ्यांच्या परंपरेत ही गोष्ट वेगळी आहे. येथे शत्रूचे सैन्य नाही, निर्णायक रणभूमी नाही. एका विद्यार्थ्याचा एक अपराध आहे आणि त्याची जबाबदारी घेण्यास त्याला लागलेली वर्षे आहेत.

४

नावाच्या या विचाराला लेखिकेच्या घराचा एक संदर्भ आहे. ल ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानवशास्त्रज्ञ होते. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल गावी याही जमातीचा अखेरचा मानला गेलेला एक माणूस प्रकट झाला. आपले नाव परक्यांना सांगणे त्याच्या रीतीत बसत नव्हते आणि ते त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही. क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’ असा होतो. तो १९१६ मध्ये वारला. पुढे १९६१ मध्ये लेखिकेच्या मातोश्री थिओडोरा क्रोबर यांनी त्याचे चरित्र लिहिले. या चरित्रातून अर्थसीची नामविद्या उगवली असा थेट कार्यकारणसंबंध जोडणे घाईचे ठरेल. परंतु नाव देणे हे विश्वास टाकणे आहे आणि नाव राखणे हा दुर्बळाचाही अधिकार आहे, ही जाणीव त्या घराला परकी नव्हती, एवढे निश्चित म्हणता येते.

कादंबरीतील सर्वांत हृद्य प्रसंग या जाणिवेतूनच अर्थपूर्ण होतो. छायेच्या हल्ल्याने विद्रूप झालेला, आत्मविश्वास गमावलेला गेड एकाकी असताना त्याचा मित्र व्हेच निरोप घेण्यापूर्वी आपले खरे नाव त्याला सांगून टाकतो. मोबदल्याची अपेक्षा नसते. ज्याच्यावर विश्वास ठेवण्याचे कोणतेही कारण उरलेले नाही, त्याच्यावर टाकलेला हा विश्वास आहे. नामज्ञान म्हणजे सत्ता, हा विद्यापीठात शिकविला गेलेला सिद्धांत येथे शांतपणे उलटतो. नाव जाणणाऱ्याची सत्ता वाढते हे खरे. परंतु नाव देणाऱ्याचे माणूसपण वाढते.

वर्णाचा मुद्दाही पुनर्वाचनातच उठून दिसतो. गेडचा वर्ण तांबूस तपकिरी आहे, व्हेच काळा आहे आणि खेड्यांवर धाडी घालणारे कार्गाड लोक गोरे व पिवळ्या केसांचे आहेत. लेखिकेने हे तपशील ठळक न करता वाटेवर पेरले आहेत. त्यामुळे गोऱ्या नायकाची सवय झालेला वाचक पहिल्या वाचनात ते ओलांडून जातो. अनेक मुखपृष्ठांवर गेड गोरा रंगविला गेला. २००४ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर आलेल्या रूपांतरात ती भूमिका गोऱ्या अभिनेत्याला देण्यात आली आणि ल ग्विन यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे लिहिले. हा दोष केवळ तेथील वाचकांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. नायक म्हटला की गौरवर्ण गृहीत धरण्याची सवय मराठी वाचकालाही आहे. सावळ्या विठ्ठलाला शतकानुशतके आळविणाऱ्या भाषेत ती असावी, हे विचार करण्यासारखे आहे.

५

आतापर्यंतचे विवेचन कादंबरीच्या बाजूचे झाले. पुनर्वाचन प्रामाणिक असेल तर ते दोषही दाखविते.

रोकचे विद्यापीठ केवळ पुरुषांचे आहे. स्त्रियांची जादू हलकी आणि घातकी असते, अशा आशयाच्या गॉन्टमधील म्हणी निवेदक उद्धृत करतो आणि त्यांच्यापासून अंतर राखत नाही. ओगियनच्या घरी असताना गेडला डिवचून त्याच्याकडून पहिली चूक घडविते ती एक मुलगी. ऑस्किलच्या गढीत त्याला मोहात पाडते तीही तीच, आता स्त्री झालेली. गृहस्थाश्रमातील सौम्य स्त्रीत्व व्हेचच्या बहिणीच्या वाट्याला येते. पुरुषाच्या सिद्धीचा मार्ग स्त्रीच्या मोहाला ओलांडून जातो, हा जुनाच साचा येथे आहे. १९९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ल ग्विन यांनीच पहिल्या खंडांतील या पुरुषकेंद्री परंपरेची चिकित्सा केली. त्याआधी ‘तेहानू’मध्ये सामर्थ्य गमावलेला गेड, गृहिणी झालेली टेनार आणि जळालेली एक पोर यांच्याभोवती त्यांनी अर्थसीचे जग पुन्हा मांडले होते. २००१ च्या कथासंग्रहात तर रोकच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता हे त्यांनी दाखविले.

यावर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया संभवतात. एक पक्ष म्हणेल की पुढील खंडांनी मूळ कादंबरीचे निर्मळ रूप बिघडविले. दुसरा पक्ष म्हणेल की पुढे दुरुस्ती झाली असल्याने पहिल्या खंडातील दोषांची चर्चा आता अनावश्यक आहे. हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. पहिल्या कादंबरीला ते तिच्या स्वतःच्या संहितेबद्दल उत्तरदायी धरीत नाहीत. १९९० च्या कादंबरीने १९६८ च्या कादंबरीचा दोष धुऊन निघत नाही आणि तिचे गुणही त्यामुळे कमी होत नाहीत. मालिका ही लेखिकेच्या विचाराचा इतिहास आहे. कादंबरी मात्र एकेक वाचली जाते आणि एकेक जोखली गेली पाहिजे.

असे जोखताना एक अनपेक्षित गोष्ट हाती लागते. मुलाला जादूचा पहिला शब्द शिकविते ती गावची चेटकीण, त्याच्या मृत आईची बहीण. शेळ्यांना बोलावण्याचे तिचे शब्द ऐकून सात वर्षांचा मुलगा ते उच्चारतो आणि त्याचे सामर्थ्य प्रथम तिलाच दिसते. आईने त्याला जन्म आणि ‘डनी’ हे नाव, एवढेच दिलेले असते. तेराव्या वर्षी नामकरणाच्या विधीत हे नाव त्याच्याकडून काढून घेण्याचे काम याच मावशीकडे येते. मग तो नावाविना, उघड्या अंगाने थंड पाण्यातून चालत जातो आणि पलीकडे ओगियन त्याच्या कानात ‘गेड’ हे नाव सांगतो. ज्या कादंबरीत नाव हेच सर्वस्व आहे, तिच्यात मावशीचे नाव वाचकाला कळत नाही. आईचेही कळत नाही. बापही निनावीच आहे. परंतु विद्येच्या परंपरेत तो गुरू नव्हता, मावशी होती. पुढे गेड आपल्या गुरूंचे स्मरण करतो तेव्हा ओगियन आणि रोकचे आचार्य आठवले जातात. पहिला शब्द देणारी स्त्री त्या मालिकेत राहत नाही. हे वाचण्यासाठी ‘तेहानू’ची गरज नाही. ते १९६८ च्या संहितेतच आहे, फक्त दुसऱ्यांदा वाचावे लागते.

अशीच दुसरी स्त्री म्हणजे एका वाळूच्या बेटावर लहानपणापासून टाकून दिलेली कार्गाड वृद्धा. भावाबरोबर ती तेथे म्हातारी झाली आहे. वादळात येऊन पडलेल्या गेडला ती बालपणीचा मोत्यांनी जडवलेला झगा दाखविते आणि तुटलेल्या कड्याचा एक तुकडा देते. त्याचे मोल तिला ठाऊक नाही आणि गेडलाही नाही. निघताना गेड त्यांच्या मचूळ झऱ्याचे पाणी मंत्राने कायमचे गोड करतो. दुसरी कादंबरी वाचलेल्याला ठाऊक असते की त्या तुकड्यावर साऱ्या द्वीपसमूहाची शांती अवलंबून होती. तिचेही नाव आपल्याला कळत नाही.

६

कादंबरीचा शेवट पुनर्वाचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. छायेच्या भेटीचा हा वृत्तांत गाण्यात गुंफण्याचे वचन व्हेचने दिलेले असते. निवेदक सांगतो की ते गाणे रचले गेले असल्यास हरवले आहे. पूर्वेकडील बेटांवर एका नौकेची कथा लोक सांगतात. एका बेटावर ती व्हेचची मानतात, दुसऱ्या बेटावर वादळात भरकटलेल्या कोळ्यांची. गेडच्या गाथेत मात्र या प्रवासाचा उल्लेखच नाही. म्हणजे आरंभी जिचा हवाला दिला, त्या गाथेने गाळलेली कथाच ही कादंबरी सांगत होती. गाथा पराक्रम जपते. अपराध, भीती आणि स्वतःशी झालेली ओळख तिच्या साच्यात मावत नाही. गाथा जेथे गप्प होते तेथे कादंबरी बोलू लागते. महाकाव्य आणि कादंबरी यांतील भेदाविषयी बरीच तात्त्विक चर्चा होत असते. तो भेद एका किशोरकादंबरीने कोणताही गाजावाजा न करता आपल्या रचनेतच दाखवून दिला आहे.

परंतु गाळलेले सांगणारी कादंबरीही स्वतः काही गाळते, हे मावशीच्या निनावीपणाने सिद्ध झाले. या दोन्ही गोष्टी एकदमच दिसणे हे पुनर्वाचनाचे फलित होय. त्यात कौतुक मागे पडत नाही आणि चिकित्साही थांबत नाही.

यावरून मराठीच्या अध्यापकांनी आणि संशोधकांनी घ्यावयाचा बोध साधा आहे. अद्भुत कादंबरी वाचताना तिला वास्तवाची परीक्षा लावून नापास करणे सोपे आहे, तसेच करमणूक म्हणून तिला सवलतीचे गुण देणेही सोपे आहे. दोहोंतही तिचा अपमान आहे. तिच्या जगाचे नियम कोणते, ते ती स्वतः पाळते काय, त्या नियमांतून माणसाविषयी कोणते मूल्यभान व्यक्त होते आणि कोणाला ती नाव देण्याचे विसरते, हे प्रश्न ‘मुक्तामाला’लाही विचारता येतील. ते आजवर पुरेशा गांभीर्याने विचारले गेलेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील त्या कादंबऱ्या या प्रश्नांना कितपत उतरतील हे आधीच ठरविण्याचे कारण नाही. त्या एकदा वाचून कपाटात ठेवल्या गेल्या आहेत, एवढे मात्र खरे. त्यांच्या पुनर्वाचनाचे काम आता विद्यापीठीय विभागांनी हाती घेतले पाहिजे.